गुंडोल्फ केव्हा वारला

६ मार्च २०१७

हीट पंप पुन्हा तीसवर! मार्चमध्ये! मी बंद करून युनिव्हर्सिटीत गेले होते. परत येते तो घर भट्टीसारखं तापलेलं आणि दादा स्वेटर, मफलर, पायमोजे अशा सगळ्या जामानिम्यात सोफ्यावर. ‘बाहेर वारा आहे,’ म्हणाले. पामर्स्टन नॉर्थला वारा असणारच! समोरच्या डोंगरावर एवढ्या पवनचक्क्या काय शोभेला लावल्यात? पण सासऱ्यांना बोलणार काय. त्यांचं वय पंच्याऐंशी, माझं छप्पन्न, आणि अजून मी त्यांच्यासमोर तोंडातल्या तोंडातच बोलते.

डायनिंग टेबलावरचे माझे कागद त्यांनी ‘आवरून’ ठेवलेत. म्हणजे सगळे एकावर एक, कडा जुळवून. आठवं शतक कुठे संपलं नि नववं कुठे सुरू झालं, पत्ता नाही. वर कोथिंबिरीची जुडी!

८ मार्च

शशिकांतला म्हटलं, तुझ्या वडिलांना सांग, टेबलाला हात लावू नका. ‘सांगतो,’ म्हणाला. सांगणार नाही. बत्तीस वर्षं संसार केलाय, मला माहीत आहे.

११ मार्च

ॲलिस्टरने तिसरं प्रकरण परत दिलं. गाइड म्हणून माणूस सज्जन, पण कधी काही स्पष्ट बोलेल तर शपथ! पाच वर्षांत एकदाही ‘हे चुकलंय’ म्हणालेला नाही. ‘लव्हली’, ‘इंटरेस्टिंग’, फार तर ‘हं’. आज म्हणाला, छान जमलंय, फक्त एका ठिकाणी ‘माइट बी वर्थ अ वी लुक’. वी म्हणजे इवलासा. घरी येऊन पाहिलं तर माझ्या एका वाक्याशेजारी पेन्सिलने, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात — एव्हिडन्स?

वाक्य होतं: ‘थोरला गुंडोल्फ ७९१ च्या आधी वारला होता.’

आता याला पुरावा काय द्यायचा! ७९१ साली नातवाचा बाप्तिस्मा झाला, मठात तशी नोंद आहे. नातवाचं नाव काय ठेवलं? गुंडोल्फ. म्हणजे आजोबा गेलेले होते. शाळेतल्या पोरालाही कळेल.

रागारागाने ती पेन्सिल खोडून टाकली. फेब्रुवारीत थीसिस द्यायचाच आहे. मुदत दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा मिळणार नाही, आणि ॲलिस्टर त्यानंतर रिटायर होतोय. इवल्याशा गोष्टींना माझ्याकडे वेळ नाही.

१७ मार्च

स्नेहलतावन्संचा पुण्याहून फोन. ‘अजून त्या फिरंग्यावरच चाललंय का गं तुझं?’

हो. चाललंय. पुण्यात सोळा वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. शशिकांतला इथे दुधाच्या संशोधनात नोकरी लागली आणि मी झाले शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांना कव्हरं घालणारी बाई. पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा इथे मराठेशाहीवर मार्गदर्शन करणारं कुणी नव्हतं. ॲलिस्टर होता, तो फ्रँकांचा. मग मीही फ्रँकांची झाले. लॅटिन शिकले. विभक्त्या पाठ करताना शाळेतलं संस्कृत उपयोगी पडलं.

गुंडोल्फ मात्र मी स्वतः निवडला. शार्लमेनच्या राज्यातला, मोझेल नदीकाठचा एक सरदार. राजावर सगळेच लिहितात. गुंडोल्फवर जगात कुणी लिहिलेलं नाही, कारण माहितीच नाही! मठाला दिलेल्या जमिनी, पाणचक्कीवरून मठाशीच झालेलं भांडण, चार-दोन ठिकाणी साक्षीदार म्हणून नाव. बायकोचं नाव एकदाच, तेही अर्धं. त्या लोकांना आडनावं नव्हती, म्हणून घराणं ओळखायचं ते नावांवरून. आजोबांचं नातवाला, आजीचं नातीला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती घरच्यासारखं वाटलं होतं मला! मुलगा वारिन, सून हिल्ट्रूड, नातू पुन्हा गुंडोल्फ. एवढ्या चिंध्यांतून एक कुटुंब उभं करायचंय.

वन्संना यातलं काही सांगितलं नाही. ‘हो, चाललंय,’ एवढंच.

२ एप्रिल

दादांनी गुंडोल्फचं गुंडोपंत करून टाकलंय. सकाळी चहाला, ‘काय म्हणतात आज गुंडोपंत?’ शशिकांत हसतो. मला अजिबात हसू येत नाही. आज ॲलिस्टरला लिहिलेल्या ईमेलमध्ये मीच दोनदा गुंडोपंत लिहिलं होतं — पाठवता पाठवता दिसलं म्हणून, नाहीतर शोभाच!

१६ एप्रिल

चौथं प्रकरण. माझं सगळ्यात लाडकं.

७९७ साली ‘गुंडोल्फ’ आपला द्राक्षमळा मठाला दान देतो. पण थोरला गुंडोल्फ तर वारलेला, आणि धाकटा सहा वर्षांचा! सहा वर्षांचं पोर कसलं दान देतंय? म्हणजे त्याच्या नावावर दुसरंच कुणी देतंय. कोण? बाप वारिन राजाबरोबर मोहिमेवर. उरली हिल्ट्रूड. घरात नवरा नाही, सासरा नाही, आणि ही मुलाच्या नावाने मळा मठाच्या पदरात टाकून दिरांच्या घशातून काढते. काय बाई आहे! पन्नास पानं लिहिलीत मी तिच्यावर.

एकच अडचण होती. दानपत्रात अट आहे, की मी जगेन तोवर मळ्यातली वाइन मलाच मिळाली पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला वाइन कशाला? तेही मी सोडवलं. सहा पानं लागली, पण सोडवलं.

दादांना हिल्ट्रूडची गोष्ट सांगितली. म्हणाले, ‘सुना हुशारच असतात.’ हे कौतुक होतं की टोमणा, अजून ठरत नाहीये.

७ मे

टौरंगाहून आमच्या मुलाचा, नीलचा फोन. जुईचा स्कॅन झाला, सगळं ठीक. मुलगा आहे! इथे सांगतात. सप्टेंबरची तारीख. मी रडले, शशिकांतही रडला, आणि फोन खिडकीशी नेला म्हणजे आवाज नीट येईल असं दादा दोघांनाही सांगत बसले.

जेवताना दादांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘त्याला माझं नाव ठेवा.’

शशिकांतने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. ‘दादा, तुम्ही आहात की अजून. घाई काय आहे?’

‘तुम्हाला नसेल,’ म्हणाले. ‘मला आहे.’

१० मे

सोडत नाहीयेत! सकाळी तोच विषय, संध्याकाळी तोच. आजोबांचं नाव नातवाला, पणजोबांचं पणतूला — मान्य! पण माणूस गेल्यावर. जिवंतपणी कुणी देतं का? आणि मी काय करू? सासऱ्यांचं नाव आजवर तोंडातून काढलेलं नाही. मुद्दाम पाळलं असं नाही, पण वेळच आली नाही, आणि आता जीभच वळत नाही. उद्या त्या पोराला काय म्हणू? ‘मुरलीधर, पुन्हा शू केलीस का रे?’

लिहितानासुद्धा कसंतरीच झालं.

१४ मे

वन्सं फोनवर तापलेल्या. कुणी कळवलं? दादांनीच! ‘विभा, त्यांना असलं अभद्र बोलू कसं देता तुम्ही? माझे वडील आहेत ते, जिवंत आहेत!’ जसं काही मीच ठरवलंय. मी म्हटलं, वन्सं, माझंही तेच म्हणणं आहे. तरी वीस मिनिटं मलाच बोलल्या.

२८ मे

नील-जुईच्या मनात ‘लिओ’ आहे. दोन्हीकडे चालतं म्हणे. दादांना सांगायची जबाबदारी अर्थातच माझी. ‘लिओ? पोपचं नाव आहे ते, तुमच्या गुंडोपंतांच्या वेळचा,’ म्हणाले. हे माझ्याच टेबलावरचे कागद वाचून! नुसते आवरत नाहीत तर.

१८ जून

दादांनी आमच्या नकळत जुईला परस्पर फोन केला. व्हॉट्सॲपवर कॉल कसा करायचा ते कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) पटेलकडून शिकून आले, पाव आणायला जातो सांगून. पाव आणलाच नाही. संध्याकाळी मला विचारतात, ‘विभा, स्वीट ॲज म्हणजे हो की नाही?’ म्हणजे जुईने होकार देऊन टाकला वाटतं. या मुलीला कशाचं काही नाही!

९ जुलै

आज जुईशी बोललेच. शांतपणे समजावलं. ‘आई, पण का नाही?’ अगं, जिवंत माणसाचं नाव देत नाहीत. ‘कुठे लिहिलंय?’ लिहिलेलं नसतं काही, ते असतंच. ‘पण नीलच्या किवीफळांच्या पॅकहाउसमधला गॅरी आहे ना, त्याचे डॅड गॅरी, मुलगा गॅरी. तिघं एकाच घरात राहतात. हीप्स ऑफ फन आहे त्यांच्याकडे.’

मी म्हटलं, ते त्यांच्यात गं. आपल्यात नाही.

फोन ठेवला. चहा टाकला. गाळायला घेतला आणि हात तसाच राहिला.

आपल्यात नाही. आणि गुंडोल्फ कुठे आपल्यातला होता!

चहा तसाच टाकून टेबलाशी गेले. पहिल्यापासून सगळे कागद काढले. थोरला गुंडोल्फ वारला असं कुठे म्हटलंय? कुठेही नाही. मृत्यूची नोंद नाही, श्राद्धासारखी त्यांची प्रार्थना असते तिच्या यादीत नाव नाही, काही नाही. ७९१ ही तारीख मी कुठून आणली? नातवाच्या नावावरून. फक्त नावावरून. तिसऱ्या प्रकरणात ती खोडलेली पेन्सिल अजून पुसट दिसत होती.

जेवण केलं नाही. शशिकांतने डब्यातली पोळी खाल्ली असावी.

१० जुलै

शार्लमेनच्या मुलाचं नाव चार्ल्स! बाप धडधाकट असताना, बापाचंच नाव! हे मला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. त्यावर मी सेमिनारमध्ये बोललेय! तरी आजोबा-नातवाचं आलं की डोक्यातलं पुणं जागं होतं आणि म्हाताऱ्याला सरळ स्मशानात पाठवतं. मनात शंकासुद्धा आली नाही. एका इंग्रज विद्यार्थ्याच्या हातून ही चूक झालीच नसती.

आणि द्राक्षमळा? म्हाताऱ्याने दिला. स्वतः. जिवंत होता, मळा त्याचा होता, दिला. ‘मी जगेन तोवर वाइन मला’ — अर्थात! म्हातारा माणूस दुसरं काय मागणार? आणि मी सहा पानं खर्चून ती वाइन एका बालकाच्या घशात उतरवलीय.

हिल्ट्रूड बिचारी कुठेतरी लोकर विणत बसली असेल. तिने काहीही केलेलं नाही. पन्नास पानं!

११ जुलै

हीट पंप तीसवर. मी तसाच राहू दिला.

१३ जुलै

ॲलिस्टरला सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, ‘येह... आय डिड वंडर.’

वंडर! अरे, वंडर करत होतास तर बोंबलायचं ना! पुण्यातल्या माझ्या सरांनी प्रकरण खिडकीबाहेर फेकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मला अक्कल आली असती. आणि हा पेन्सिलने मुंगीएवढं लिहितो, वर ‘वी लुक’ म्हणतो! आता कळलं, इथे ‘वी’ म्हणजे घराचा पायाच खचलाय.

‘तू बदलू शकशील फेब्रुवारीपर्यंत,’ म्हणाला. ‘शुड बी राइट.’ त्याला काय जातंय म्हणायला.

१५ जुलै

शशिकांत हॅमिल्टनला, कामासाठी. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून दादांना सांगितलं. मला वाटलं, हसतील.

‘म्हणजे गुंडोपंत गेलेले नव्हते?’

नव्हते. मीच मारलं त्यांना.

‘मग शेवटी कधी दिसतात?’

८०३ मध्ये. एका भांडणात साक्षीदार म्हणून आहेत. मी तो नातू समजत होते.

‘नातू तेव्हा बारा वर्षांचा,’ म्हणाले. हिशोब लगेच केला. मग खिडकीकडे वळले. ‘म्हणजे त्यांनी ऐकलं असणार. घरात कुणीतरी त्या पोराला हाका मारतंय. अंगणातून, जेवायला ये म्हणून. आपल्याच नावाने.’

आणि मग बोलत राहिले. त्यांना त्यांच्या आजोबांचं नाव ठेवलं होतं. आईच्या सासऱ्यांचं नाव, ती कसं घेणार? म्हणून पाळण्यातच बाळासाहेब झाले. बायकोने घ्यायचा प्रश्नच नव्हता. शाळेत हजेरीपुरतं घेतलं तेवढंच, मित्रांत बाळ्या, ऑफिसात बाळासाहेब, घरी दादा. ‘कागदावरच राहिलं गं ते. एवढं चांगलं नाव. मी गेल्यावर ठेवाल, माहीत आहे मला. पण मग मला काय उपयोग?’

हे माझ्याकडे न बघता. मग म्हणाले, ‘वारा सुटलाय. तो पंप लाव जरा.’

लावला. फार वाईट वाटलं मला. दोन महिने मी याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणत होते.

२१ जुलै

वन्संना मीच फोन केला. म्हटलं, मुरली— नाही, तेवढं नाहीच निघालं तोंडातून. म्हटलं, दादांचं नाव ठेवायचं ठरलंय. ‘तू आधी नाही म्हणत होतीस!’ हो, म्हणत होते. ‘मग आता काय झालं?’ एका सरदाराच्या घरी देत होते वन्सं, आणि त्या घराला काही झालं नाही. ‘कोण सरदार?’ गुंडोपंत. त्यांनी फोन आदळला. पुन्हा लगेच केला. ‘कुठले गुंडोपंत? आपल्यातले?’

२६ सप्टेंबर

झाला! काल दुपारी. जुई छान. बाळ तीन किलो आणि आवाज नीलच्या चौपट.

८ ऑक्टोबर

कालच टौरंगाहून परत यायचं होतं, आज आलो. पाच तासांचा रस्ता, दादांसाठी जागोजाग थांबत सात तासांचा झाला.

बारावा दिवस शुक्रवारी होता, पण सुट्टी म्हणून बारसं शनिवारी केलं. गॅरी आला होता, जँडल्स म्हणजे रबरी चपला दाराबाहेर काढून, किवींची पेटी घेऊन. नीलला बहीण नाही, म्हणून त्याची आत्या वन्संच, आणि त्या पुण्यात. हो-नाही करत शेवटी व्हिडिओवर आल्या, नऊवारी नेसून! इथली सकाळ म्हणजे तिथे पहाट. फोन बाळाच्या कानाशी धरला. वन्संनी स्वतःच्या वडिलांचं नाव कानात सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि रडायलाच लागल्या. मग कसंबसं म्हणाल्या. आम्हाला कुणाला ऐकूही आलं नाही.

दादा खुर्ची ओढून पाळण्याजवळ गेले. ‘ऐकू नाही आलं,’ म्हणाले. मग नीलने मोठ्याने म्हटलं. मग जुईने. ती तर अगदी सहज, लिओ म्हणावं तसं. दादा मान हलवत होते, गाणं आवडल्यावर हलवतात तशी.

मी ‘बाळ’ म्हटलं. मला नाही जमलं.

१२ नोव्हेंबर

नवं चौथं प्रकरण लिहितेय. हिल्ट्रूड गेली, कारस्थान गेलं, दीर गेले. उरलाय एक म्हातारा जो मरायला तयार नाही. काय लिहू त्याच्यावर! उठतो, मठाशी भांडतो, चक्की हरतो, मळा देऊन टाकतो आणि वाइन मात्र सोडत नाही. सतत मध्ये मध्ये. सून वैतागलीच असेल.

३ डिसेंबर

आज सोळा पानं झाली! वाटलं होतं त्यापेक्षा बरं चाललंय. म्हातारा जिवंत धरल्यावर बाकीची कागदपत्रं आपोआप जागेवर बसायला लागलीयेत. वारिनच्या नावाआधी नेहमी बापाचं नाव का येतं, हे मला पाच वर्षं छळत होतं. बाप समोर बसलेला असायचा, म्हणून!

परवा दादांनी टेबल पुन्हा आवरलं. मी ओरडले. चक्क मोठ्याने. ‘बरं बरं,’ म्हणाले आणि काल पुन्हा आवरलं.

२० जानेवारी २०१८

तळटीपा. तळटीपा. तळटीपा. शशिकांत रोज खिचडी करतोय.

२६ फेब्रुवारी

दिला थीसिस.

ॲलिस्टरने हात हातात घेतला. ‘नॉट बॅड,’ म्हणाला, ‘नॉट बॅड ॲट ऑल.’ आता मला भाषा कळते, म्हणून गाडीत बसून पोटभर रडले.

१५ एप्रिल

नील-जुई बाळाला घेऊन आले. पोरगं रांगायला लागलंय आणि दादांच्या काठीवर त्याचा डोळा. दिवसभर घरात नुसता आरडाओरडा. नीलचं ‘मुरली, नो’, जुईचं ‘मुरली, इकडे ये’. रागावली की पूर्ण नाव घेते. दादा पेपर समोर धरून बसतात आणि पान उलटत नाहीत. आज तर मी मुद्दाम बाळाच्या हातात रिमोट दिला, जुईने ओरडावं म्हणून.

२ जून

परीक्षकांची पत्रं आली. किरकोळ दुरुस्त्या, बाकी मान्य! एकाने चौथ्या प्रकरणाबद्दल लिहिलंय की त्या वृद्ध सरदाराचं चित्रण फार जिवंत झालंय. दादांना वाचून दाखवलं. ‘जिवंत होताच तो,’ म्हणाले आणि पेढे आणायला निघाले. पामर्स्टन नॉर्थला पेढे! दोन तासांनी डेअरीतून कॅरॅमलची बरणी घेऊन परत.

१९ जून

सकाळी दादा बाथरूममध्ये पडले. डावी बाजू गेलीय. ॲम्ब्युलन्स लगेच आली. हीट पंप दिवसभर चालूच राहिला, आत्ता परत आल्यावर लक्षात आलं. बंद करवेना.

२२ जून

काही नाही. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणतात, ऐकू येत असावं, नक्की सांगता येत नाही. शशिकांत ‘दादा, दादा’ करून थकला. वन्संना तिकीट पुढच्या आठवड्याचं मिळालंय. तिथून रोज मलाच विचारतात, बोलले का? मला रागसुद्धा येत नाहीये कशाचा.

२५ जून

तसंच. नर्स चांगली आहे, हात चोळत ‘म्युरली? म्युरली, लव्ह?’ म्हणून हाका मारते. त्यालाही काही नाही. डॉक्टरांनी शशिकांतला बाहेर बोलावून सांगितलं, मनाची तयारी ठेवा.

मी एकटी असताना खुर्ची जवळ घेतली. नाव घ्यायचंच असं ठरवलं होतं. ‘दादा’ हेच आलं तोंडातून. कसली बाई आहे मी!

२७ जून

दुपारी जुईचा व्हिडिओ कॉल आला. फोन दादांच्या उशीशी ठेवला आणि मी शशिकांतला चहा ओतून देत होते. तिकडे बाळाने कसलं तरी झाकण तोंडात घातलं असावं. जुई ओरडली, ‘मुरलीधर!’

‘हजर,’ दादा म्हणाले.